दृष्टिबाधित विद्यार्थ्यांनी कॉलेजची तयारी कधी आणि कुठून सुरू करायची?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत तेच प्रश्न सुरू होतात. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, कटऑफ किती? ज्या घरात दृष्टिबाधित मूल आहे तिथेही हेच प्रश्न असतात. पण तिथे आणखी एक प्रश्न असतो आणि बऱ्याचदा तो कॉलेज सुरू झाल्यावरच आठवतो: पुस्तकं वाचायची कशी?

शाळेत या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी दुसरं देत असतं. अंधशाळेत ब्रेल पुस्तकं येतात. सर्वसाधारण शाळेत विशेष शिक्षक मदत करतात, नाहीतर आई रात्री धडा वाचून दाखवते. कॉलेजमध्ये ही व्यवस्था संपते. तिथे वर्गात शंभर मुलं असतात, प्राध्यापक तासाला बदलतात आणि तुम्हाला काय लागतं हे तुम्ही सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. शिवाय सेमिस्टर जेमतेम चार-साडेचार महिन्यांचं असतं. जुलैमध्ये मागितलेलं पुस्तक सप्टेंबरमध्ये हातात आलं, तर निम्मं सेमिस्टर संपलेलं असतं.

म्हणून ही तयारी प्रवेशानंतर नाही, तर प्रवेशाच्या आधी सुरू करावी लागते. त्यासाठी काय काय करायचं, ते पाहूया.

कायद्याच्या भाषेत दृष्टिबाधित कोण?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू झाला. या कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी असे दोन वेगळे प्रकार आहेत.

चष्मा किंवा लेन्स लावूनही चांगल्या डोळ्याची दृष्टी ३/६० पेक्षा कमी असेल, किंवा दृष्टीचं क्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. ३/६० म्हणजे इतरांना जे ६० मीटरवरून दिसतं ते तुम्हाला ३ मीटरवर जाऊन पाहावं लागतं. चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ ते ३/६० यांच्या दरम्यान असेल, किंवा दृष्टीचं क्षेत्र ४० ते १० अंशांच्या दरम्यान असेल, तर ती अल्पदृष्टी.

शिक्षण आणि नोकरीतल्या आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असावं लागतं. एका डोळ्याने अजिबात दिसत नसेल पण दुसरा डोळा चांगला असेल, तर टक्केवारी ३० धरली जाते. त्यामुळे असे विद्यार्थी आरक्षणात बसत नाहीत. अनेक पालकांना हे ऐन प्रवेशाच्या रांगेत कळतं.

अल्पदृष्टी असलेल्या मुलांची अडचण वेगळीच असते. त्यांना चालता येतं, मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचता येतो, म्हणून "याला तर दिसतंय" असा समज होतो. मग तीही गप्प राहतात, फळ्यावरचं दिसल्यासारखं दाखवतात आणि परीक्षेतला जादा वेळही मागत नाहीत. खरं तर जादा वेळेची गरज त्यांनाही तितकीच असते.

कागदपत्रांत कुठे अडकायला होतं?

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी कार्ड. यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा असतो. त्यानंतर जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. कार्ड घरी येईपर्यंत बराच काळ जाऊ शकतो, त्यामुळे हे काम बारावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच केलेलं बरं.

हातात जुनं प्रमाणपत्र असेल तर तीन गोष्टी तपासा. ते कायमस्वरूपी आहे की ठराविक मुदतीचं? लहानपणी काढलेल्या प्रमाणपत्रावर बऱ्याचदा मुदत लिहिलेली असते आणि ती संपून गेलेली असते. त्यावरचं नाव आधार कार्ड आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळतं का? वडिलांचं नाव मध्ये आहे-नाही, आडनाव पुढे-मागे, एवढ्यावरूनही ऑनलाइन अर्ज अडतो. तिसरी गोष्ट, तुम्ही ज्या प्रवेशप्रक्रियेत जाणार आहात तिच्या माहितीपुस्तिकेत प्रमाणपत्राचा विशिष्ट नमुना मागितला आहे का?

जागांबाबत कायदा स्पष्ट आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव असतात आणि वयाच्या वरच्या मर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. विनाअनुदानित खासगी कॉलेजांना हे ५ टक्क्यांचं कलम या कायद्याने थेट लागू होत नाही. पण कॉलेजला सरकारची मान्यता असेल तर तुमच्या गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची जबाबदारी त्यांच्यावरही आहे. म्हणजे आरक्षण नसलं, तरी "आमच्याकडे अशी सोय नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत.

आर्ट्सच घ्यायचं का?

दृष्टिबाधित विद्यार्थ्याला सर्वाधिक वेळा दिला जाणारा सल्ला म्हणजे "आर्ट्स घे, बीए कर, मग बीएड किंवा बँक." मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र आवडीने घेणारे कितीतरी असतात आणि त्यात उत्तम करतात. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतून त्या मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये गेल्या, तिथे राज्यशास्त्र शिकल्या, पुढे दिल्लीला जेएनयूत गेल्या आणि २०१७ साली यूपीएससीच्या निकालात देशात १२४ वा क्रमांक मिळवून आयएएस झाल्या.

अडचण तेव्हा होते, जेव्हा आर्ट्स ही निवड नसते, तर एकच उघडं राहिलेलं दार असतं. आणि हे दार बऱ्याचदा कॉलेजच्या कितीतरी आधी बंद झालेलं असतं. महाराष्ट्र बोर्डात दिव्यांग विद्यार्थ्यांना दहावीला नेहमीच्या गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत आहे. काहींना तिची खरोखर गरज असते. पण "याला गणित कसं जमणार" एवढ्याच विचाराने शाळेने परस्पर ती सवलत घेतली, तर पुढे विज्ञान, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर अशा वाटा अवघड होतात. मूल अजून आठवी-नववीत असेल, तर या लेखातली ही एक गोष्ट आजच शाळेत विचारून घ्या.

विज्ञान शाखा अशक्य आहे का? आंध्र प्रदेशातल्या श्रीकांत बोल्ला यांना अकरावीला विज्ञान शाखा नाकारली गेली होती. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, प्रवेश मिळवला आणि नंतर ते अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये शिकले. २०२४ साली आलेला 'श्रीकांत' हा हिंदी सिनेमा त्यांच्यावरच आहे. अर्थात प्रत्येकाला न्यायालयात जावं लागू नये. विज्ञान घ्यायचं असेल तर प्रयोगशाळेत सहायक मिळेल का, आकृतीच्या प्रश्नाला पर्यायी प्रश्न मिळेल का, प्रात्यक्षिक परीक्षा कशी घेतली जाईल, या तीन प्रश्नांची उत्तरं कॉलेजकडून आधीच लेखी घेतलेली बरी.

कायद्याच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी एक ताजी घडामोड महत्त्वाची आहे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ दृष्टी नाही म्हणून कुणालाही न्यायिक सेवेच्या भरतीतून वगळता येणार नाही. म्हणजे एलएलबीनंतर वकिलीच नाही, तर न्यायाधीश होण्याची वाटही मोकळी आहे.

पुस्तकं: खरी लढाई इथे आहे

इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्याला निदान बरीचशी पुस्तकं कॉम्प्युटर वाचून दाखवू शकेल अशा रूपात मिळतात. मराठी माध्यमातून बीए करणाऱ्याचा प्रवास जास्त खडतर आहे.

सुरुवात यादीपासून करा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर अभ्यासक्रम असतो आणि त्यात संदर्भग्रंथांची यादी असते. प्रवेश कुठे मिळणार हे ठरायच्या आधीही पहिल्या वर्षाच्या मुख्य विषयाची पुस्तकं कळू शकतात. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषय आले आहेत. ते उशिरा ठरतात, म्हणून निदान मुख्य विषयाचं काम आधी उरकून ठेवा.

मग शोध. 'सुगम्य पुस्तकालय' ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ साली सुरू झाली. डेझी फोरम ऑफ इंडिया या संस्थांच्या गटाने ती केंद्र सरकार आणि टीसीएस यांच्या साथीने उभी केली. तिथे छापील पुस्तक वाचू न शकणाऱ्यांना नोंदणी करून अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं डाउनलोड करता येतात. 'बुकशेअर' ही दुसरी मोठी ऑनलाइन लायब्ररी. दोन्हीकडे प्रमाणपत्र दाखवून सदस्य व्हावं लागतं, त्यामुळे नोंदणी सुट्टीतच करून टाका.

तिथे पुस्तक नसेल तर? आणि मराठी संदर्भग्रंथांच्या बाबतीत बऱ्याचदा ते नसतंच. मग प्रकाशकाला ईमेल करून फाइल मागता येते. काही प्रकाशक देतात, काही उत्तरच देत नाहीत. तेव्हा उरतो मार्ग स्कॅनिंगचा.

इथे एक भीती हमखास पुढे येते: पुस्तक स्कॅन करणं बेकायदेशीर नाही का? नाही. २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून, नफा न कमावता, पुस्तकाचं ब्रेल, ऑडिओ किंवा डिजिटल रूप तयार करायला तेव्हापासून लेखक-प्रकाशकाची परवानगी लागत नाही. ही मुभा संस्थेला आहे तशी व्यक्तीलाही आहे. म्हणजे तुमची बहीण तुमच्यासाठी पुस्तक स्कॅन करू शकते. मात्र ती फाइल वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यांना पाठवता येणार नाही. याच विषयावर जगभरातल्या देशांनी २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरात एक करार केला. २०१४ साली त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. (कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात अख्खी पुस्तकं बिनदिक्कत कॉपी होत असतात, पण अंध विद्यार्थ्याने स्कॅन मागितला की लायब्ररीला नियम आठवतात. तेव्हा हे कलम सांगता आलेलं चांगलं.)

फाइल मिळाली म्हणजे ती वाचता येईलच असं नाही

मराठीची खास अडचण इथे सुरू होते. प्राध्यापकांनी पाठवलेली मराठी पीडीएफ तीनपैकी एका प्रकारची असते.

पहिला प्रकार युनिकोडचा. हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वाचू शकतो. दुसरा प्रकार जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आतमध्ये कॉम्प्युटरने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो आणि कानावर निव्वळ गोंधळ पडतो. मराठीतलं बरंच छापील साहित्य वर्षानुवर्षं अशाच फॉन्टमध्ये तयार झालेलं आहे. तिसरा प्रकार पानांच्या फोटोचा. त्यात स्क्रीन रीडरला अक्षरच सापडत नाही, त्याच्या लेखी पान कोरं असतं.

फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायला अर्धं मिनिट पुरतं. त्यातलं एक वाक्य कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर युनिकोड. भलतीच चिन्हं आली तर जुना फॉन्ट. काहीच कॉपी झालं नाही तर फोटो. ही चाचणी प्राध्यापकांना आणि डीटीपी करणाऱ्यांनाही शिकवून ठेवा, कारण अनेकांना आपण पाठवलेली फाइल वाचता येत नाही याची कल्पनाच नसते.

जुन्या फॉन्टसाठी युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर इंटरनेटवर आहेत. फोटोसाठी ओसीआर लागतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं तंत्र. गुगल ड्राइव्हवर पानाचा स्पष्ट फोटो टाकून तो गुगल डॉक्समध्ये उघडला की मराठी मजकूर मिळतो. स्कॅनरवर करत असाल तर ३०० डीपीआय ठेवा. ओसीआर मराठीत चुका करतोच. घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात, जोडाक्षरं तुटतात, तक्त्यांचे रकाने एकमेकांत मिसळतात. कथा-कादंबरीत हे चालून जातं. इतिहासातल्या सनावळ्या किंवा अर्थशास्त्रातले आकडे मात्र कुणाकडून तरी मूळ पानाशी ताडून घ्यायला हवेत. प्राध्यापकांकडे शक्यतो पीडीएफ मागूच नका, मूळ वर्ड फाइल मागा.

ऐकायचं की ब्रेल वाचायचं?

मोबाइल बोलू लागल्यापासून ब्रेल सोडून देणारे विद्यार्थी बरेच आहेत आणि कारणही समजण्यासारखं आहे. एका छापील पुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक जाडजूड खंड होतात, ते बसमधून कोण नेणार?

तरीही ब्रेल पूर्ण सोडू नये असं मला वाटतं, विशेषतः भाषा विषय घेणाऱ्यांनी. फक्त ऐकून शिकणाऱ्याला शब्दाचा उच्चार कळतो, त्याचं लेखन कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, श आणि ष, अनुस्वार कुठे, हे कानाला कळत नाही. पुढे स्वतः टाइप करायची किंवा मुलाखतीसाठी बायोडेटा लिहायची वेळ आली की ही उणीव जाणवते. गणिताचंही तसंच. लांबलचक समीकरण कानाने ऐकून डोक्यात धरून ठेवणं कठीण, बोटांखाली असेल तर मागे-पुढे जाता येतं. एक विभागणी बऱ्यापैकी जमते: भाषा, गणित आणि स्वतःच्या महत्त्वाच्या नोट्स ब्रेलमध्ये, बाकीचं वाचन ऑडिओ किंवा स्क्रीन रीडरवर.

कॉम्प्युटर किती यायला हवा?

विंडोजसाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिबाधित तरुणांनी तो तयार केला आणि तो मराठीही वाचतो. जॉज हा दुसरा प्रसिद्ध स्क्रीन रीडर, पण तो विकत घ्यावा लागतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आणि आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आधीपासूनच असतो. अल्पदृष्टी असेल तर विंडोजमधलं मॅग्निफायर, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी किंवा पिवळी अक्षरं आणि मोठा ठळक फॉन्ट यांतलं तुम्हाला नेमकं काय सोयीचं पडतं, ते सुट्टीतच ठरवून ठेवा.

मोबाइल सफाईने वापरता येतो म्हणजे कॉम्प्युटर आला, असं नाही. कॉलेजमध्ये वर्डमध्ये असाइनमेंट करणं, फाइलला नाव देऊन ती नेमक्या फोल्डरमध्ये ठेवणं, ईमेलला जोडणं, प्रेझेंटेशन करणं हे सगळं माऊसशिवाय, फक्त कीबोर्डवर जमायला हवं. मराठी टायपिंगसाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकून घ्या. तो विंडोजमध्येच असतो आणि त्याची रचना सोपी आहे, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या. रोज एक तास दिला तर सुट्टीभरात हात बसतो.

लेखनिक शोधणं हे परीक्षेच्या आदल्या आठवड्याचं काम नाही

लेखनिक, म्हणजे मुलांच्या भाषेत 'रायटर'. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. पात्र विद्यार्थ्याने लेखनिक घेतला नाही, स्वतः लिहिलं, तरी हा वेळ मिळतो. वेगवेगळ्या पेपरांना वेगळा लेखनिक घेता येतो. ऐनवेळी लेखनिक आजारी पडला तर बदलण्याची मुभा आहे. परीक्षा घेणाऱ्या संस्थेने लेखनिक दिला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटता यायला हवं.

स्वतःचा लेखनिक नेणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा एक पायरी खालचं असावं, असं २०१८ च्या या सूचनांत म्हटलं होतं. लेखनिकाबाबतचे नियम अधूनमधून बदलतात आणि प्रत्येक परीक्षेचं परिपत्रक वेगळं असतं, त्यामुळे फॉर्म भरतानाच चालू परिपत्रक वाचून घ्या.

प्रत्यक्षातली अडचण वेळापत्रकाची असते. तुमच्या परीक्षा असतात तेव्हाच खालच्या वर्गातल्या मुलांच्याही परीक्षा असतात. म्हणून एकावर विसंबू नका, तीन-चार जणांची नावं हाताशी ठेवा. जवळचं ज्युनिअर कॉलेज, एनएसएसचं युनिट, गावातली लायब्ररी, तिथे ऑगस्टमध्येच विचारा. मराठीच्या पेपरला मराठी शुद्ध लिहिणारा आणि अर्थशास्त्राला आलेख काढू शकणारा, अशी विभागणीही करता येते.

लेखनिक मिळाला की त्याच्याबरोबर निदान दोन जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. उत्तर सांगणं हे लिहिण्यापेक्षा वेगळं कौशल्य आहे. आधी पूर्ण प्रश्नपत्रिका वाचून घ्यायची, कुठला प्रश्न आधी हे ठरवायचं, वाक्य सांगताना परिच्छेद आणि अवतरणचिन्हंही सांगायची, नावांचं लेखन फोडून सांगायचं, मधूनमधून शेवटची ओळ वाचायला लावायची. पहिल्या सरावात बहुतेकांचा पेपर वेळेत पूर्ण होत नाही. ते परीक्षेत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

पैसे आणि साधनं

दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर, तर राज्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. तांत्रिक पदवी किंवा पदविकेला प्रवेश घेतला असेल तर एआयसीटीईची 'सक्षम' शिष्यवृत्ती पाहा, ती वर्षाला ५० हजार रुपयांची आहे. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा.

घर ते वर्ग

पांढरी काठी वापरायला लाज वाटते, म्हणून मित्राच्या खांद्यावर हात ठेवून कॉलेजला जाणारे अनेक जण आहेत. मित्र गैरहजर असला की यांचीही दांडी. काठी जमिनीवर उभी धरली तर साधारण छातीच्या हाडापर्यंत यावी. ती कशी वापरायची याचं प्रशिक्षण अंधांसाठी काम करणाऱ्या संस्था देतात. आयआयटी दिल्लीत विकसित झालेली स्मार्टकेनही मिळते. ध्वनिलहरींच्या मदतीने ती गुडघ्याच्या वरचे अडथळे, म्हणजे लटकती फांदी किंवा उभ्या टेम्पोचा मागचा भाग, थरथरून कळवते.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी आवारात दोन-तीन चकरा मारा, शक्यतो गर्दी नसताना. गेटपासून वर्ग, वर्गापासून लायब्ररी, स्वच्छतागृह, ऑफिस, कॅन्टीन. नंतर एकदा गर्दीच्या वेळीही जा, कारण रिकामा जिना आणि तास सुटल्यावरचा जिना यांत फार फरक असतो. एसटीचा सवलत पास, रेल्वेचं सवलत ओळखपत्र आणि मुंबईत असाल तर लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्याची जागा, ही माहितीही याच दिवसांत करून घ्या.

मदत कुठे मिळते?

मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र चालतं. ते एक्सआरसीव्हीसी नावाने ओळखलं जातं. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब', ही १९५२ साली सुरू झालेली संस्थाही मुंबईचीच. पुण्यात मीरा बडवे यांनी सुरू केलेलं 'निवांत अंध मुक्त विकासालय' शाळा संपल्यानंतरच्या शिक्षणावरच काम करतं, म्हणजे अंधशाळेतून बाहेर पडल्यावर जिथे प्रश्न सुरू होतात नेमकं तिथे. तुमच्याच विद्यापीठात दोन-तीन वर्षं पुढे असलेला दृष्टिबाधित विद्यार्थी भेटला तर फारच उत्तम. कुठले सर फाइल वेळेवर देतात आणि कुठल्या लायब्ररीत स्कॅनर खरंच चालतो, हे त्यालाच माहीत असतं.

कॉलेज नाही म्हणालं तर?

प्रवेश निश्चित झाला की प्राचार्यांना एक पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात भावनिक काही लिहायची गरज नाही. मी अमुक टक्के दृष्टिबाधित आहे, मला अभ्याससाहित्य युनिकोड फाइलमध्ये लागेल, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ लागेल, वर्गातलं व्याख्यान रेकॉर्ड करण्याची परवानगी हवी, आकृतीच्या प्रश्नांना पर्याय हवा, एवढं पुरे. सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा. अभ्यासक्रमात आणि परीक्षापद्धतीत असे बदल करणं २०१६ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच नमूद आहे. दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही त्यात येते.

उत्तर आलं नाही तर कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या समान संधी कक्षाकडे जा. सरकारी संस्थेत दिव्यांगांच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमणं कायद्याने बंधनकारक आहे, त्याचं नाव विचारा. तिथेही काही झालं नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे. डिसेंबर २०२२ पासून राज्यात यासाठी स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. बहुतेक प्रकरणं इतक्या वर जात नाहीत. पोच घेतलेल्या लेखी पत्राचा ऑफिसवर बराच परिणाम होतो, तोंडी विनंती मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाही.

वर्गात मात्र पत्रापेक्षा बोलण्याचा उपयोग जास्त. पहिल्या आठवड्यात प्रत्येक प्राध्यापकांना तास संपल्यावर भेटा आणि एवढंच सांगा: "सर, फळ्यावर जे लिहाल ते लिहिताना मोठ्याने बोला." 'हे इथे, ते तिथे' असं शिकवण्याची त्यांना सवय असते. 'हे' म्हणजे काय आणि 'इथे' म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली की मागच्या बाकावरच्या मुलांनाही जास्त कळायला लागतं.